तिपाई

तिचं हे नाव कुणी ठेवलं, ते आता हॉस्टेलमध्ये कुणालाच ठाऊक नाही. आम्ही प्रथम वर्षाला आलो तेव्हा ती इथली जुनी रहिवासी होती आणि सीनियर्सनी तिची ओळख "ही तिपाई, मेसची सुपरव्हायझर" अशी करून दिली होती. रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला, आणि मागचा उजवा पाय मांडीपासूनच नाही. वॉचमन काका सांगतात की ती वर्षभराची असताना तिचा पाय उसाच्या ट्रॉलीखाली आला आणि तो तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात काढावा लागला.

मी पडले कॉन्व्हेंटची. पहिल्या दिवशी मी तिला "कम हिअर, गुड गर्ल" वगैरे म्हणून पाहिलं. एक्स्टर्नल एक्झामिनर आपल्या जर्नलकडे बघतात तसं तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. काका हसून म्हणाले, "पोरी, यू यू कर. तिला विंग्रजी येत नाही." मी "यू यू यू" केलं आणि बाईसाहेब शेपटी हलवत हजर! माझ्या मराठीची खरी सुरुवात तिथून झाली असं म्हणायला हरकत नाही.

नवीन आलेली प्रत्येक मुलगी तिला बघून "अय्या, बिच्चारी!" म्हणते. माझी रूममेट लातूरची. (हॉस्टेलात तिला सगळे 'लातूर'च म्हणतात.) तिचं उत्तर ठरलेलं असतं. "बिचारी कशाची? तुझ्यापेक्षा जोरात पळते ती." आणि ते खरंच आहे. चार पायांचं टेबल खडबडीत फरशीवर डुगडुगतं, तिपाई डुगडुगत नाही. तीन बिंदूंतून नेहमी एकच प्रतल जातं, हे आपण भूमितीत शिकलोय. गुरुत्वमध्य त्या तीन बिंदूंच्या त्रिकोणात राहिला की झालं. तिपाईनं मागचा उरलेला पाय शरीराच्या मध्याकडे आणून हे गणित कधीच सोडवून टाकलं होतं.

फक्त या रचनेत एक गोष्ट नाही. ती म्हणजे राखीव काही नाही. चारातला एक दुखावला तर उरलेले तीन सांभाळून घेतात. तिनातला एक दुखावला तर?

जुलै २०२५ मध्ये नेमकं तेच झालं. पाऊस धो धो. एका सकाळी तिपाई नाश्त्याला आली नाही, म्हणजे काहीतरी गंभीर होतं. ती सापडली वर्कशॉपच्या मागे, भिंतीला टेकून पडलेली. पुढच्या डाव्या पंज्याखाली रक्त साकळलं होतं आणि बाजूला लेथवरून निघणाऱ्या लोखंडी चिप्सचा ढीग पावसात पसरला होता. ज्यांनी टर्निंगचा जॉब केलाय त्यांना ते कुरळे चिप्स माहीत आहेत. दिसायला स्प्रिंगसारखे आणि धारेला ब्लेडसारखे. पंज्याच्या मधल्या मोठ्या गादीला आडवी, खोल चीर गेली होती.

भाजी घेऊन येणारा छोटा हत्ती नुकताच रिकामा झाला होता. त्यात पोतं अंथरून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तिथे बाहेर दोन म्हशी आणि एक बकरी रांगेत. डॉक्टरांनी आधी तिचं तोंड बँडेजच्या पट्टीनं बांधायला शिकवलं. नाकाडावरून एक वेढा, हनुवटीखाली गाठ, मग कानामागे गाठ. "कितीही मायेचं कुत्रं असू दे, दुखलं की चावतं. त्यात त्याचा दोष नसतो. पण धापा टाकायला लागली की लगेच सोडायचं," असं ते म्हणाले. जखम रात्रभर चिखलात राहिली होती, म्हणून टाके घातले नाहीत. शिवाय गादीवर वजन पडलं की चीर फाकते आणि टाके ओढले जातात. इंजेक्शनं झाली आणि रोजच्या ड्रेसिंगचा कागद हातात आला. निघताना डॉक्टर म्हणाले, "चार पायांचं कुत्रं पाय उचलून धरतं, त्याची जखम आपोआप विश्रांती घेते. हिला ती सोय नाही. विश्रांती तुम्हाला द्यावी लागेल."

हे वाक्य मी नीट समजून घेतलं ते रात्री, पेन्सिल घेऊन. मेसच्या पोत्यांच्या काट्यावर तिचं वजन १६ किलो भरलं होतं. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. म्हणजे पुढे ९.६ किलो, प्रत्येक पायावर ४.८. डावा पाय उचलला की उजव्यावर सगळे ९.६, दुप्पट. मागे एकाच पायावर ६.४. आणि जमिनीला टेकलेले बिंदू उरले दोन. दोन बिंदूंची फक्त रेघ होते, त्यावर उभं राहता येत नाही. म्हणूनच ती पहिले दोन दिवस उठलीच नाही. आणि जखम चिघळून हाडापर्यंत गेली असती तर? तो पाय काढायचा म्हटलं तर ती उभी कशावर राहणार? हा प्रश्न आमच्यापैकी कुणी मोठ्यानं विचारला नाही.

रेक्टर मॅडमनी जिन्याखालची जागा दिली, पण अटी घातल्या. रेबीजची लस आधी. कुत्री खोलीत न्यायची नाही. आणि प्रथम वर्षाच्या एका मुलीला लहानपणी कुत्रं चावलं होतं, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तिपाई येता कामा नये. अटी योग्यच होत्या. गंमत म्हणजे पुढे औषधांच्या वेळांचं रजिस्टर त्याच मुलीनं ठेवलं. दहा फूट लांब, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून! "आठ वाजले, गोळी दिली का?" हा तिचा आवाज आम्हाला पाठ झाला.

आता ड्रेसिंगबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण कुठल्याही हॉस्टेलला हे कधी ना कधी लागेल. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे साधारण सपाट दीड चमचा मीठ. त्यानं जखम धुवायची. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं. फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, कारण ते नवीन येणारं मांसही जाळतं. बोटांच्या मधे कापसाच्या बारीक वाती, नाहीतर घामानं तिथे कातडी सडते. (कुत्र्यांना घाम पंज्यांना येतो, हे मला विसाव्या वर्षी कळलं!) वर गॉज, मऊ कापूस, बँडेज. मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवायची आणि रोज हात लावून बघायची. ती सुजली किंवा गार पडली तर बँडेज आवळलंय, लगेच सोडायचं. बाहेर नेताना वरून सलाईनची रिकामी पिशवी कापून बूट, आणि आत आल्यावर तो काढायचाच, नाहीतर आत ओल धरते. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नाहीत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आपण चण्यासारखे खातो, कुत्र्यांना ती औषधं विषारी ठरू शकतात.

तिसऱ्या दिवशी तिनं बँडेज दातांनी ओढायला सुरुवात केली. गळ्यात शंकूसारखी कॉलर हवी होती. गावात मिळेना. तेव्हा लातूर म्हणाली, "आपण इंजिनियर आहोत की नाही?" प्रथम वर्षाचं 'डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस' हे प्रकरण आयुष्यात कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. गळ्याकडची त्रिज्या ६ सेंमी, बाहेरची १६, तिरकी उंची १८. आतला कंस १०.८ सेंमी, बाहेरचा २८.८, कोन बरोबर २०० अंश. ए-टू शीटवर मावतं! दुहेरी ड्रॉइंग शीट, वर पारदर्शक चिकटपट्टी आणि कडेला कापडी पट्टी. तिपाई दोन तास रुसून बसली, पण कॉलर बसली. ड्रॉइंगला मला ४२ मार्क होते. ते शंभरातले होते. असो!

मात्र खरा प्रश्न उभं राहण्याचा होता. शी-शूसाठी दिवसातून पाच वेळा तिला बाहेर न्यावंच लागे. उचलून नेलं तर ती घाबरून पाय झाडी. मग मेसच्या मावशींनी स्वतःची जुनी सुती ओढणी आणली, चार पदरी केली आणि तिच्या छातीखालून घातली. दोन्ही टोकं एकीच्या हातात. ओढणी जराशी वर ओढली की पुढचं वजन हलकं होतं, आणि डावा पंजा अधांतरी ठेवून ती उजव्या पायानं आणि मागच्या एका पायानं चालते. आपण फक्त तीन-चार किलो उचलायचे, बाकीचं ती स्वतः करते. फार वर ओढलं तर तिचा तोल जातो, सैल सोडलं तर पंजा टेकतो. नेमकं किती उचलायचं हे हाताला दोन दिवसांत कळतं.

मला वाटतं, आम्ही तिच्यासाठी जे केलं त्याचं सार त्या ओढणीत आहे. गेलेला पाय आम्ही देऊ शकत नव्हतो आणि तो तिनं मागितलाही नव्हता. 'बिच्चारी' म्हणून डोळ्यांत पाणी आणल्यानं तिच्या पंज्यावरचे ४.८ किलो एका ग्रॅमनंही कमी होत नाहीत. कुणीतरी पहाटे सहाला उठून, पावसात, ओढणीची दोन टोकं हातात धरली तर होतात. नोटीस बोर्डावर आम्ही पाळ्या लावल्या. अकरा मुली, पाच वेळा. सबमिशनच्या आठवड्यातही एकही पाळी चुकली नाही. ज्या मुली एकमेकींशी वर्षभर बोलत नव्हत्या, त्यांनीही ओढणी हातोहात दिली.

सहाव्या दिवशी मात्र धास्ती बसली. लातूर प्रत्येक वेळी काढलेल्या बँडेजचा वास घ्यायची. आम्ही नाकं मुरडायचो. त्या दिवशी ती म्हणाली, "वास बदललाय." पंजा गरम होता आणि चिरेच्या टोकाला पू. पुन्हा छोटा हत्ती, पुन्हा म्हशींची रांग. डॉक्टरांनी भूल देऊन आतपर्यंत शोधलं आणि चिमट्यात धरून तांदळाच्या कणीएवढा पोलादाचा तुकडा बाहेर काढला. गादीच्या चरबीत तो पार रुतून बसला होता. डॉक्टर म्हणाले, "आणखी चार दिवस गेले असते तर अवघड होतं." परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. मावशी तेवढ्या तिच्या कानामागे खाजवत, "काही नाही गं बाय, काही नाही," म्हणत होत्या.

त्यानंतर जखम भरत गेली. आधी लालसर दाणेदार मांस, मग कडेनं काळी कातडी. मावशींशी भांडण फक्त खाण्यावरून झालं. त्या तिला मायेनं पोळ्या भरवत होत्या आणि तीन पायांच्या कुत्र्याचं वजन वाढणं म्हणजे प्रत्येक पायावर जास्तीचा भार. शेवटी तह झाला. एक पोळी, एक उकडलेलं अंडं, आणि रस्सा नाही, कारण कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो. पाच आठवड्यांनी ओढणी सुटली. तिपाई चार पावलं चालली, थांबली, मागे वळून आमच्याकडे बघितलं आणि थेट मेसकडे धावत सुटली. अकरा जणींनी एवढ्या जोरात ओरडा केला की रेक्टर मॅडम बाहेर आल्या!

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची आणि परत तिथेच सोडायची नाहीत. मेसमध्ये दोन तट पडले. जिन्यावर बसणारी आमची रजिस्टरवाली म्हणाली, "तिपाई गेली तर मी रडेन. पण मला कुत्रं चावलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, हेही खरं आहे." यावर दोन्ही बाजू गप्प झाल्या. निवाऱ्यात अनोळखी कुत्र्यांच्या गर्दीत तीन पायांची, एक पंजा नाजूक असलेली तिपाई कशी राहील, या विचारानं झोप येईना.

तोडगा मावशींनी काढला. त्यांची वाडी इथून तीन किलोमीटरवर आहे, घरापुढे अंगण आहे. "माझ्या दारात बांधते. माझीच म्हणून पाळते. मग ती भटकी कशी?" मॅडमनी लसीचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. मी मराठीत तक्ता लिहून दिला. नखं कधी कापायची, पंजा रोज कसा बघायचा, वजन १६ च्या वर जाऊ द्यायचं नाही. मावशींनी तो वाचला, शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि भिंतीला लावला.

रविवारी आम्ही पाळीपाळीनं जातो. पंज्यावर एक कडक, उंचवटलेली रेघ राहिली आहे, ओल्या दिवसांत ती किंचित लंगडते. ओढणी मावशींच्या खुंटीवर धुऊन ठेवलेली असते. लागली तर असावी म्हणून.

वर्कशॉपच्या मागे आता चिप्ससाठी झाकणाचा ड्रम आहे. जॉब झाल्यावर ब्रशनं सगळे चिप्स गोळा करून त्यातच टाका आणि झाकण लावा. कॉलेजच्या आवारात आज तिपाई नाही, पण पावसाळ्यात त्या वाटेनं मेसच्या मावशी चप्पल घालून येतात-जातात.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
(मुलींचे वसतिगृह)