बोरीच्या जाळीतला निंब

जुलै 2019. राज्यभर 33 कोटी वृक्षलागवडीची धूम चालली होती. पारोळा आणि धुळ्याच्या मधल्या एका टेकडीवर कार्यक्रम झाला. मंडप, माईक, खड्ड्यात रोप धरून फोटो. बातमी मीच केली होती. मथळा दिला, 'उजाड टेकडी होणार हिरवीगार'.

टेकडी उजाड नव्हती. आठवडाभर आधी जेसीबी लावून ती उजाड केली होती. त्याआधी तिथं बोरीच्या जाळ्या होत्या, तरवड होता, हेकळ होती. मी ते बघितलं होतं. पण झुडूप म्हणजे अडगळ, ती काढली की झाडाला जागा होते, असंच मलाही वाटायचं.

परवा त्या बाजूला जाणं झालं. खड्ड्यांच्या ओळी अजून दिसतात. झाडं नाहीत. फक्त नाल्याच्या काठाला, जिथं जेसीबी पोहोचला नव्हता, तिथं बोरीच्या तीन जाळ्या उरल्यात. त्यातल्या एकीच्या मधोमध माणसापेक्षा उंच निंब उभा. कुणी लावलेला नाही. शेळ्या चारणारे एक आबा बसले होते, त्यांना विचारलं. म्हणाले, "काटा शे म्हनीसन झाड शे, भाऊ. बकरीनं तोंड तठे जात नही."

आबांनी अर्धी गोष्ट सांगितली. बाकीची अर्धी अशी, की निंबोळी खाऊन पाखरू जाळीवर येऊन बसतं आणि बी तिथंच पडतं. खाली बोरीचा पाला कुजलेला, त्यामुळे माती भुसभुशीत आणि थोडी ओल धरणारी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा उघड्या मुरमावर हात टेकवून बघा आणि मग जाळीच्या सावलीत टेकवा. दोन पानांच्या रोपाला तेवढा फरक म्हणजे जगणं-मरणं. आपल्या खान्देशचा अंजन घ्या. पहिली काही वर्षं तो वर फारसा वाढतच नाही, सगळा जोर मूळ खाली नेण्यात. तेवढा काळ त्याला कुणीतरी सांभाळायला हवं.

हे फक्त आबांचं म्हणणं नाही. स्पेनच्या सिएरा नेवाडा डोंगरात 18 हजारांहून जास्त रोपं लावून हेच तपासलं, तो अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. झुडपांच्या आश्रयातली रोपं उघड्यावरच्यांपेक्षा जास्त जगली, आणि कोरड्या वर्षी तर हा फायदा आणखी ठळक दिसला. सगळीच झुडपं मदत करतात असं मात्र नाही, काहींचा उलटा त्रासही झाला. आपल्याकडेसुद्धा घाणेरी आणि वेडी बाभूळ यांना बोर-तरवडाच्या रांगेत बसवू नका. त्या बाहेरून आलेल्या आहेत आणि दुसऱ्या कुणाला जागाच देत नाहीत.

लांब कशाला जायचं? साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं कुऱ्हाडबंदी-चराईबंदी करून सुमारे अकराशे एकर जंगल राखलं. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी पोस्टी टाकल्या. तिथं पाऊस आपल्यापेक्षा जास्त, हे मान्य. पण धुळे तालुक्यातलं लामकानी तर आपल्यासारखंच कोरडं. तिथंही गावानं चराई थांबवली आणि माळावर गवत परत आलं. दोन्हीकडे मुख्य काम राखण्याचं होतं. आधी सगळं खरवडून काढण्याचं नव्हतं.

मग जेसीबी का येतो? कारण ओळीतले खड्डे मोजता येतात, बिल काढता येतं, फोटोही छान येतो. जाळीत आपोआप आलेला निंब कुठल्याच रजिस्टरात बसत नाही.

आता ही पोस्ट का लिहितोय ते सांगतो. यंदा त्याच टेकडीवर पुन्हा लागवड ठरली आहे, आणि 'साफसफाई'त या वेळी नाल्याचा काठही धरलाय. म्हणजे त्या तीन जाळ्या जाणार, आणि निंबही जेसीबीच्या तोंडी. गावाचं नाव लिहीत नाही, त्या बाजूच्यांना कळलं असेलच. सोमवारी ग्रामसभा आहे. निंबाचा फोटो मोठा काढून घेतलाय, 2019 च्या माझ्या बातमीचं कात्रणही सोबत नेणार आहे. मागणी एवढीच, की जाळ्या तोडू नका, आणि नवी रोपं जाळीच्या पूर्वेच्या अंगाला लावा, म्हणजे दुपारनंतरचं ऊन अडेल. त्या बाजूचे कुणी असाल तर सकाळी दहाला या. आबा येतो म्हणालेत.