ञ आणि ळ

साठी उलटल्यावर नवी मुळाक्षरे गिरवावीत, याचे प्रयोजन लोक विचारतात. माझे प्रयोजन साधे आहे. लोर्काची कविता मी जन्मभर इंग्रजीच्या मध्यस्थीने वाचली आणि शिकवली; आता ती तिच्याच अक्षरांत वाचावी, अशी ओढ आहे. भिलाईला परकी भाषा अपूर्वाईची नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथला पोलाद कारखाना उभा राहिला आणि तज्ज्ञांबरोबर रशियन भाषाही आली. स्पॅनिशला मात्र येथे सोबती नाही; पुस्तक आणि मी.

रोमन अक्षरे ओळखीची, पण ओळखीचा चेहराच चकवतो. ‘एच’ लिहिला जातो, उच्चारला जात नाही. ‘बोलणे’ या अर्थाचे क्रियापद ‘आब्लार’ नेमके याच मुक्या अक्षराने सुरू होते. त्याच्या लॅटिन पूर्वरूपातला ‘फ’ शतकांच्या ओघात विरला. लेखनात त्याची जागा तेवढी उरली.

आजच्या सत्तावीस अक्षरांत स्पॅनिशची ओळख ठरलेले अक्षर एक: ‘एन’च्या माथ्यावर नागमोडी रेघ, नाव ‘एञे’. मध्ययुगीन लेखनिक जोडीतला एक ‘एन’ दुसऱ्याच्या डोक्यावर चढवीत, त्याची ही खूण. उच्चार आपल्या ‘ञ’चा. मराठीत एकटा क्वचितच भेटणारा हा वर्ण तेथे देशाच्या नावातच आहे: ‘एस्पाञा’. हे अक्षर नसलेले कळफलकही विकू द्यावेत, असा आग्रह युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये धरला. स्पेनने १९९३ मध्ये सरकारी हुकुमाने अक्षराची जागा राखली. याच भाषेने ‘सीएच’ आणि दुहेरी ‘एल’ या जोड्यांचा स्वतंत्र अक्षराचा मान २०१० मध्ये काढून घेतला. काय सोडावे आणि काय राखावे, हे बोलणाऱ्यांनी ठरवले.

हे शिकताना मन ‘ळ’कडे वळते. हिंदीच्या या प्रदेशात ‘काळे’ आडनावाचे ‘काले’ होते, आणि माझी नात ‘मूळ’ व ‘मूल’ एकाच उच्चाराने म्हणते. दोष तिचा नव्हे. तो ध्वनी तिच्या कानांवर पडतोच कुठे? मी तिला जीभ मागे वळवायला सांगतो. ती विचारते, “आजोबा, ‘ल’ म्हटलं तर चालत नाही का?”

चालते. त्या रेघेवाचून लिहिले, तरी स्पेन कोणता हे जगाला कळलेच असते. व्यवहार अडत नाही, म्हणूनच अक्षरे नकळत जातात. आता रोज संध्याकाळी आम्ही दोघे शेजारी बसून आपापले अक्षर घोकतो.