बिरसीची विमानं आणि गोंदियाचा तूस

तुमसर रोड स्टेशन मागे पडलं की गाडी वैनगंगेच्या पुलावर येते आणि डब्यातला गलका आपोआप थांबतो. डिसेंबरात पाणी कमी, वाळू जास्त. पुढे तिरोडा, म्हणजे गोंदिया जिल्हा. 1 मे 1999 रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. दहावीच्या मुलींची सहल घेऊन आम्ही कामठीहून निघालो होतो. नागझिरा, नवेगावबांध सगळेच पाहतात. आम्हाला मुलींना दोन वेगळ्या जागा दाखवायच्या होत्या: एक विमान शिकवणारी शाळा आणि एक राइस मिल.

गोंदिया शहराबाहेर, कापून रिकाम्या झालेल्या धानाच्या बांध्यांमध्ये बिरसी गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथं धावपट्टी बांधली. युद्ध संपलं आणि पुढे कितीतरी वर्षं ती जवळजवळ पडूनच होती. आज तिथं राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था चालते. आपलं विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडातल्या मॉन्ट्रियलची सीएई कंपनी यांचा हा भागीदारीतला उपक्रम. आम्ही कुंपणाबाहेर रस्त्यावरच उभे होतो. डायमंड बनावटीची छोटी पांढरी विमानं उतरत, चाकं जमिनीला टेकत न टेकत तोच पुन्हा वर जात. उतरण्याचा सराव असाच करतात, शंभरदा.

चहाच्या टपरीवर एका मुलीनं विचारलं, "चाचा, इथं शिकायला किती लागतात?" म्हातारा हसला. "पोरी, घर इकलं तरी पुरनार नाही."

त्याचं खरं होतं. पायलट होण्याचा खर्च कित्येक लाखांत जातो. आमच्या वर्गातल्या तिघींच्या अम्मी आजही विड्या वळतात. पण आम्हाला दुसरीच गोष्ट मुलींच्या लक्षात आणून द्यायची होती. कॅनडाची कंपनी बिरसीला का आली? तयार धावपट्टी, सपाट मुलूख, मोकळं आभाळ, विमानांची गर्दी नाही. इथं जे आहे ते तिला उपयोगाचं वाटलं, म्हणून ती आली. नुसत्या आदरातिथ्यासाठी इतक्या लांबून कोणी येत नाही.

जोहरची नमाज आटोपून आम्ही मिलवर गेलो. गोंदिया म्हणजे तांदळाच्या गिरण्यांचं गाव. हंगाम जोरात होता. हवेत इतकी धूळ की मुलींनी दुपट्टे नाकाला लावले. मालक उत्साही निघाले, आपण होऊन हिशेब सांगू लागले. शंभर किलो धान भरडलं तर पासष्ट-सत्तर किलोपर्यंत तांदूळ, वीसेक किलो तूस, बाकी कोंडा आणि कचरा. तूस बॉयलरमध्ये जाळतात, त्याच्या वाफेवर उकडा तांदूळ होतो. उरते राख. ही राख बहुतेक सिलिका असते आणि सिमेंटच्या कामी येऊ शकते. कोंड्यातून खायचं तेल निघतं, पण भरडल्याबरोबर त्यातलं तेल बिघडू लागतं. लगेच गरम करून ते थांबवावं लागतं, नाहीतर खवट. "राखेचे ढीग साचतात, काय करायचं सांगा," मालक आम्हालाच विचारू लागले. आम्ही भाषेचे शिक्षक!

आता महाविद्यालयांकडे येऊ. विडीच्या धंद्यातून पुढे आलेल्या मनोहरभाई पटेलांनी 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि या भागातल्या मुलांना शिकायला दूर जाण्याची गरज कमी झाली. उद्योगातून शिक्षण उभं राहिल्याचा हा घरचा दाखला. अलीकडे मात्र कुठल्याही महाविद्यालयात जा, भिंतीवर परदेशी विद्यापीठाशी झालेल्या सामंजस्य कराराचा फोटो असतो, आणि विषय हमखास 'उद्योजकता व नवोपक्रम'. त्या करारातून एखाद्या विद्यार्थ्यानं काय केलं, हे विचारलं की बोलणं चहाकडे वळतं.

नियम आता सोपे झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार जोड-अभ्यासक्रमात विद्यार्थी 30 टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी विद्यापीठातून मिळवू शकतो. पण आयोगाची वेगळी परवानगी न घेता असा करार करायचा तर 'नॅक'मध्ये किमान 3.01 गुण, नाहीतर देशाच्या क्रमवारीत पहिल्या शंभरांत जागा, असं काहीतरी हवं. छोट्या गावातली बहुतेक महाविद्यालयं इथंच अडतात.

तरी वाट बंद नाही. फिलिपिन्समध्ये 1960 साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था निघाली. इंडोनेशियाचं उंच वाण आणि तैवानचं बुटकं वाण यांच्या संकरातून तिनं आयआर-8 काढलं. 1966 मध्ये ते बाहेर आलं आणि लवकरच भारतातल्या शेतांत पोचलं. ही देवघेव झाली ती शेतकऱ्याच्या रोजच्या अडचणीवर. व्हिएतनाम, इंडोनेशिया, थायलंड इथंही गिरण्या आहेत, तूस आहे, राखेचे ढीग आहेत. गोंदियाच्या रसायनशास्त्राच्या मुलांनी तिथल्या मुलांबरोबर राखेच्या विटा करून पाहिल्या, वाणिज्यच्या मुलांनी त्यांचा खर्च मांडला, आठवड्यातून एक तास पडद्यावर बोलले, तर त्याला ना विमानाचं तिकीट लागतं ना 3.01 गुण. प्राध्यापक तेवढा जिद्दीचा हवा. आणि इंग्रजी कच्चं म्हणून मागे बसणाऱ्या मुलीला पुढची खुर्ची द्यायला हवी. मिलचा हिशेब तिलाच चांगला कळलेला असतो.

परतीच्या गाडीत मुलींना आम्ही एकच काम दिलं: मिलमालकांसाठी प्रत्येकीनं एक प्रश्न लिहायचा. तिरोड्यापर्यंत बावीस प्रश्न जमले. पहिलाच होता, "एका दिवसाची राख किती किलो, तुम्ही कधी मोजली आहे का?"