क्षारपड मातीत मुळांच्या सोबतीला

दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून तयार झालेली मराठवाड्यातील चिकलठाणा परिसरातील भारी काळी माती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते, आणि जो गुण कोरडवाहू कपाशी-तुरीला तारतो, तोच बागायतीत निचरा रोखून क्षार साचण्यास कारण होतो. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसीसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त मानतात, तर विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांपेक्षा अधिक झाला की तिला चोपण म्हणतात. चोपण जमिनीत मातीचे कण विखुरतात आणि पाणी मुरत नाही.

क्षारांच्या ताणाखाली मुळांमध्ये इथिलीन हे संप्रेरक वाढते आणि त्यांची वाढ खुंटते. हे इथिलीन एसीसी नावाच्या पदार्थापासून बनते, आणि मुळांभोवती राहणारे काही स्यूडोमोनास व बॅसिलस जिवाणू आपल्या विकराने तो पदार्थ फोडून त्यातला नत्र स्वतः वापरतात, त्यामुळे इथिलीन मर्यादेत राहते; ही मांडणी बर्नार्ड ग्लिक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये केली. काही जिवाणू चिकट बहुशर्करा स्रवतात, जी सोडियमला धरून ठेवते.

असे जिवाणू वापरण्याच्या विद्येतले खरे कसब मात्र त्यांच्या निवडीत आहे. नमुना पांढऱ्या पडलेल्या उघड्या जमिनीचा न घेता, त्याच पट्ट्यात तग धरून हिरव्या राहिलेल्या झाडाच्या मुळांना चिकटलेल्या मातीचा घ्यावा लागतो, आणि नत्राचा एकमेव स्रोत म्हणून एसीसीच दिलेल्या खारट माध्यमावर त्यातले जिवाणू वाढवून पारखावे लागतात. प्रयोगशाळेत मीठ सोसणारा प्रत्येक जिवाणू पिकाला उपयोगी पडतोच असे नाही, म्हणून त्याच शेताच्या मातीत कुंडीतील चाचणी टाळता येत नाही. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या लखनौ केंद्राने हॅलो-अझो आणि हॅलो-पीएसबी ही जिवाणूंची द्रवरूप संवर्धके विकसित केली, हे मोलाचे काम आहे. तरीही गंगेच्या गाळमातीत रुजलेला जिवाणू मराठवाड्याच्या काळ्या मातीत तसाच टिकेल, हे पारखल्याशिवाय गृहीत धरू नये.

बीजप्रक्रियेत रासायनिक बुरशीनाशक आधी आणि जिवाणू शेवटी लावून, बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे, कारण उन्हात संवर्धक मरते. जिवाणू मुळांना सावरतात, पण जमिनीतले क्षार बाहेर काढत नाहीत. ते काम निचऱ्याच्या चरांचे आणि क्षार धुऊन नेणाऱ्या गोड्या पाण्याचे, तर चोपण जमिनीत माती परीक्षणानुसार दिलेल्या जिप्समचेही आहे. शिवाय जिवाणूंना जगायला सेंद्रिय कर्ब लागतो, म्हणून फुलोऱ्याआधी गाडलेला धैंचा आणि कुजलेले शेणखत त्यांच्या आधी शेतात पोहोचले पाहिजे.