मावळतीचा चंद्र

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय चित्रांत समुद्रावरचा चंद्र बहुधा उगवत असतो. कास्पार डाव्हिड फ्रीडरिशच्या १८२२च्या चित्रात खडकावर बसलेली तीन माणसं बाल्टिकमधून वर येणारा चंद्र पाहत आहेत. चित्रकार इव्हान आयवाझोव्स्की (१८१७–१९००) क्रिमियातल्या फिओडोसियाचा. ते गाव पूर्वेच्या समुद्राकडे तोंड करून आहे. लाटा क्षणभरही थांबत नाहीत, त्या समोर बसून काढता येत नाहीत, असं त्याचं मत. म्हणून तो कार्यशाळेत आठवणीतून रंगवी. त्याचं चांदणं मला जरा नाटकी वाटतं, तरी नजर हटत नाही.

ही चित्रं डोळ्यांत घेऊन डहाणूच्या किनाऱ्यावर संध्याकाळी गेलं, की फसायला होतं. पौर्णिमेचा चंद्र इथे पाठीमागून, महालक्ष्मीच्या डोंगराकडून वर येतो. समोर फक्त काळोखं पाणी. मध्यरात्री तो डोक्यावर, आणि भरतीही त्याच सुमाराला. पण तेव्हा चांदणं पाण्यावर नुसतं विखुरतं, त्याची वाट होत नाही. ती वाट पहाटे पडते, चंद्र पश्चिमेला कलल्यावर. आणि तोवर पाणीच निघून गेलेलं असतं! चंद्र माथ्यावर असताना भरती, क्षितिजाला टेकताना ओहोटी, असा या किनाऱ्याचा ढोबळ हिशेब. उथळ किनारा, त्यामुळे डहाणूपासून बोर्डी आणि तलासरीतल्या झाईपर्यंत समुद्र खूप मागे सरतो. चंद्र मग लाटांवर नव्हे, ओल्या वाळूवर आणि चिखलात उरलेल्या डबक्यांवर चमकतो. आयवाझोव्स्कीला इथे वादळ मिळालं नसतं, एखादं जहाजही नाही. चिखलात कलंडलेल्या होड्या मात्र मिळाल्या असत्या.

किनाऱ्यापासून आत, वारल्यांच्या लग्नचौकाच्या चित्रात चंद्र असतोच, पण सूर्याच्या सोबतीने. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मातीची भिंत. त्या चंद्राचा उजेड कशावरही पडत नाही. तो लग्नाला हजर असतो, एवढंच. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनी मासेमारीचं जाळं चित्रभर पसरलं, तेही उजेडाच्या आधाराशिवाय, निव्वळ रेषांवर. मला ही रीत जास्त धीट वाटते.

ओहोटीवरचा, ओल्या वाळूतला हा चंद्र मात्र कोणी मनापासून रंगवलेला माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा कोजागरीचं दूध पिऊन झालं, की लगेच अंथरूण गाठू नका. पहाटे पाचला डहाणूत पारनाक्याच्या किनाऱ्यावर या, आणि हात चालत असेल तर कागद घेऊन या.