तुपाची वाटी

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण वर्गात भूतदयेचे उदाहरण म्हणून सांगतो. अलीकडे आम्हांला या कथेत दुसरेच काही दिसू लागले आहे. त्या कुत्र्याने तूप मागितलेले नसते. 'कोरडी कशी खाशील' ही काळजी नामदेवांची.

वरवंडला आमच्या घरी अकरा वर्षांचा मोती आहे. मटणाच्या पाण्यात कुस्करलेल्या भाकरीवाचून तो कशाला तोंड लावीत नाही. त्याची मूत्रपिंडे अधू झाल्याचे निदान झाले, स्फुरद आणि प्रथिने बेताची असलेले अन्न सुचवले गेले. मोतीने ते हुंगून पाठ फिरवली.

पिष्टमय अन्न त्याच्या जातीला परके नाही. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्याहून पुष्कळ अधिक असतात, असे २०१३ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. माणसाच्या शेतीशेजारी हजारो वर्षांत जे पोट घडले, ते आम्हांला दहा दिवसांत वळवायचे होते. जुन्यात पाव हिस्सा नवे, मग निम्मे, मग पाऊण. आणि वास दरवळावा म्हणून सारे कोमट.

निरोगी कुत्र्याचा हट्ट भूक मोडते. मूत्रपिंडाच्या दुखण्यात मात्र अन्न नाकारणे ही मळमळही असू शकते. त्याला उपाशी ठेवून चालत नाही. 'नखरा' हे आम्ही लावलेले एक वाचन, एवढेच.

आज नववा दिवस. मोतीने अर्धी ताटली संपवली. उरलेल्या अर्ध्यावर तुपाचा थेंब सोडावा की नाही, यावर आम्हा दोघांत अद्याप एकमत नाही.