अ‍ॅसिडिटीचं ऑपरेशन

चाकणच्या कंपनीत तिसरी शिफ्ट करणाऱ्याला अ‍ॅसिडिटी नवीन नसते. रात्री अवेळी कँटीनचं जेवण, सकाळी पिंपरीत घरी येऊन आडवं व्हायचं, की घशाशी आंबट पाणी. पँटोप्राझोलच्या गोळीनं जळजळ थांबायची. पण खाली वाकलो की पाणी वर यायचंच. ‘दुर्बिणीतून ऑपरेशन करू,’ असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी गांगरलोच. अ‍ॅसिडिटीवर ऑपरेशन?

त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यात अन्ननलिकेपुरतं भोक असतं. माझं ते सैल होऊन जठराचा वरचा भाग छातीत सरकला होता. गोळीनं आम्ल कमी होतं, पण अन्ननलिकेच्या तळाची झडप सैलच राहते. म्हणून भोक टाके घालून लहान करायचं आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळायचा. रुडॉल्फ निसेन या सर्जननं १९५६ साली ही पद्धत मांडली, तेव्हा पोट उघडावं लागे. १९९१ पासून ती दुर्बिणीतून होऊ लागली. पोटावर चार-पाच बारीक छेद, बस्स.

खरा गोंधळ उडाला तो आधीच्या तपासण्यांनी. एंडोस्कोपी ऐकून होतो. अन्ननलिकेचा जोर मोजणाऱ्या मॅनोमेट्रीत नाकातून नळी घालून घोट घोट पाणी गिळायला लावलं. मग आम्ल किती वर येतं ते मोजणारी पीएच तपासणी: २४ तास नाकात बारीक नळी, गालाला चिकटपट्टी, कमरेला यंत्र. जेवलो, आडवा झालो, जळजळ झाली, की बटण दाबायचं. मोरवाडीच्या चौकात लोक वळून बघत होते. एवढं सगळं कशाला, ते डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं. अन्ननलिकेचा जोरच कमी असेल, तर पूर्ण गुंडाळीनं घास अडकू शकतो. अशा वेळी अर्धवट गुंडाळी करतात. आणि जळजळ आम्लामुळे नसेलच, तर ऑपरेशनचा उपयोग काय?

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तर खांदा दुखत होता. ऑपरेशन पोटाचं, दुखणं खांद्याला, मी घाबरलो. ‘काका, पोटात भरलेल्या गॅसनं होतं ते. जरा चाला,’ सिस्टर म्हणाल्या. पुढे बरेच दिवस पेज, पातळ वरण, ताक. भाकरी बंद, सोडा बंद. ढेकर आजही सहज येत नाही.

गोळी सुटली. काहींना ती पुढे पुन्हा लागते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं आहे. तुम्हाला कुणी हे ऑपरेशन सुचवलं, तर मॅनोमेट्री आणि पीएच तपासणीबद्दल विचारा. त्यांचे रिपोर्ट समजून घेतल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.